विराम आणि विलंब: काचेतील कणांच्या मंद गतीविषयी



या व्याख्यानमालेचा परिपाठ असा आहे की, वक्त्याने आपल्या शास्त्रातील एखादा निकालात निघालेला विषय रंजक करून सांगण्याऐवजी, ज्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे असा एखादा प्रश्न श्रोत्यांपुढे ठेवावा, आणि तो ठेवताना त्याचे काठिण्य झाकू नये. त्या परिपाठास अनुसरून आज मी काचेविषयी बोलणार आहे. तिच्या अंतरंगातील कण ज्या विलक्षण मंद गतीने हालतात त्या गतीचे मूळ कोठे आहे, याबद्दल पदार्थविज्ञानवेत्त्यांत आजही एकवाक्यता नाही, आणि तोच आजचा प्रश्न आहे.

काच महाराष्ट्राला परकी नाही. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काचकारखाना निघाला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीस १९१६ साली सुरू झालेल्या कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे घरोघरी पोहोचला. काचेचे काम करणाऱ्या कोणत्याही कारागिराला एक गोष्ट पक्की ठाऊक असते की, भट्टीतून काढलेली वस्तू एकदम थंड होऊ दिली तर तिच्यात ताण कोंडून राहतात आणि ती आज ना उद्या तडकते. म्हणून ती एका विवक्षित तापमानाला काही वेळ ठेवून मग सावकाश निववावी लागते. हे तापमान शास्त्राने श्यानतेच्या, म्हणजे द्रवाच्या वाहण्यास आतून होणाऱ्या विरोधाच्या, मापाने ठरविले आहे. पाण्याची श्यानता एका पास्कल-सेकंदाच्या सुमारे सहस्रांशाइतकी असते. आणि ज्या तापमानाला काचेची श्यानता एकावर बारा शून्ये इतक्या पास्कल-सेकंदांपर्यंत चढते, तेथे तिच्या पोटातील ताण सुमारे पाव तासात निघून जातात. आता लक्षात घेण्याजोगी बाब ही की, एखाद्या द्रवाची काच कोणत्या तापमानाला झाली हे ठरविताना प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ जो आकडा रूढीने घेतात तोही हाच आहे. दोघांचा आकडा एक असण्याचे कारण असे की, दोघेही मिनिटांच्या हिशेबाने वाट पाहणारी माणसे आहेत. द्रव आणि काच यांच्यामधली हद्द निसर्गाने आखून दिलेली नसून ती आपल्या घड्याळाने आखलेली आहे.

पाणी गोठते तेव्हा असे होत नाही. बर्फ होताना रेणू एका नियमित रचनेत बसतात, त्या क्षणी उष्णता बाहेर पडते, आणि ही घटना शून्य अंश सेल्सिअसला घडते हे घड्याळाकडे न पाहता सांगता येते. परंतु जो द्रव स्फटिक न होता गोठणबिंदूच्या खाली नेता आला, त्या अतिशीतित द्रवाचे क्ष-किरणांनी परीक्षण केले असता त्याच्या कणांची मांडणी वरच्या तापमानाच्या द्रवाइतकीच विस्कळीत दिसते. अंतरे किंचित बदलतात, शेजाऱ्यांची संख्या थोडी इकडेतिकडे होते, एवढेच. आणि याच अवधीत रेणूंना आपली मांडणी पालटण्यास लागणारा काळ एका सेकंदाच्या लक्षकोटी भागापासून, म्हणजे एकावर बारा शून्ये असलेल्या छेदाच्या अपूर्णांकापासून, वाढत वाढत शंभर सेकंदांवर जातो. चौदा दशपटींची ही वाढ रचनेच्या दप्तरात जवळजवळ कोठेच नोंदलेली नाही. परिणाम इतका प्रचंड आणि त्याचे दृश्य कारण इतके क्षीण, असे उदाहरण पदार्थविज्ञानात दुर्मीळ आहे. म्हणूनच फिलिप अँडरसन यांच्यासारख्या नोबेल पारितोषिकविजेत्याने १९९५ साली घनावस्थेच्या सिद्धान्तातील सर्वांत गहन अनिर्णीत प्रश्नांत काचेच्या प्रश्नाला अग्रस्थान दिले.

मंदतेची ही वाढ सर्व द्रवांत सारखी नसते. वितळलेल्या सिलिकाची श्यानता तापमानाबरोबर एका सरळ नियमाने वाढते, जणू प्रत्येक हालचालीला उंचीने कायम असलेली ऊर्जेची एकच भिंत ओलांडावयाची आहे. उलट ऑर्थो-टर्फेनिलसारख्या सेंद्रिय द्रवात आरंभी मंदता सावकाश वाढते आणि उणे २७ अंश सेल्सिअसच्या सुमारास, म्हणजे त्याची काच होण्याच्या तापमानाजवळ, काचबिंदूजवळ, ती अतिशय तीव्रतेने उसळते, जणू थंडीबरोबर भिंतीची उंचीच वाढत चालली आहे. ऑस्टिन एंजेल यांनी पहिल्या प्रकारच्या द्रवांना ‘बलवान’ आणि दुसऱ्या प्रकारच्या द्रवांना ‘भंगुर’ अशी नावे दिली. भिंत का वाढते, हा आपल्या प्रश्नाचा गाभा होय.

याला एक प्रतिष्ठित उत्तर आहे. वॉल्टर कॉझमन यांनी १९४८ साली दाखविले की, अतिशीतित द्रवाची एंट्रॉपी, म्हणजे त्याच्या कणांना उपलब्ध असलेल्या मांडण्यांच्या विपुलतेचे माप, थंडीबरोबर इतक्या वेगाने घटते की, ती रेषा तशीच पुढे वाढविली तर निरपेक्ष शून्याच्या बऱ्याच वर द्रवाची एंट्रॉपी स्फटिकाइतकी होईल. यावरून एक पक्ष असे मानतो की, मांडण्यांचा साठा संपत आल्यामुळे कणांची गती मंदावते, आणि एका विवक्षित तापमानाला ती खरोखरच थांबावयाची असते. आपली सबुरी आधी संपते म्हणून तो विराम आपल्याला दिसत नाही. १९६५ मधील ॲडम आणि गिब्स यांचा सिद्धान्त आणि १९८०च्या दशकात कर्कपॅट्रिक, तिरुमलाई व वोलाइन्स यांनी घडविलेला सिद्धान्त याच पक्षाचे होत. या पक्षाच्या मते मंदता हे खाली दडलेल्या एका अवस्थेचे लक्षण आहे.

मी आज ज्या विचारधारेची कैफियत मांडणार आहे, तिचा प्रश्न निराळा आहे. मांडण्यांची कमतरता मुळीच नसताना, केवळ एका मांडणीतून दुसरीत जाण्याचे मार्ग दुर्गम झाल्यामुळे, एवढी मंदता उत्पन्न होऊ शकेल काय? आषाढीला पंढरपुरात महाद्वाराशी दाटीत सापडलेल्या वारकऱ्याला पुढे सरकण्याची इच्छा असते, पुढे कोठेतरी जागाही असते; परंतु शेजारचे चार जण हालल्याशिवाय त्याला हालता येत नाही, आणि त्या चौघांची स्थितीही तीच असते. ही कल्पना बोलण्यास सोपी आहे. तिच्यातून नेमके काय निष्पन्न होते हे जाणण्यासाठी मात्र तिला इतर सर्व कल्पनांपासून अलग करावे लागते, आणि साध्या प्रतिमानांचे प्रयोजन तेथे उत्पन्न होते.

१९८४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्लेन फ्रेडरिकसन आणि हान्स अँडरसन यांनी असे एक प्रतिमान मांडले. त्यात रेणू नाहीत, त्यांचे आकार नाहीत, आकर्षण-प्रतिकर्षणही नाही. अवकाशाचे लहान लहान घरांत विभाजन केलेले आहे, आणि प्रत्येक घर दोहोंपैकी एका अवस्थेत असते: चंचल, म्हणजे जेथे कण थोडे सैल आहेत, किंवा निश्चल, म्हणजे जेथे ते घट्ट बसले आहेत. चंचल असण्याला एक एकक ऊर्जा लागते, म्हणून थंडी वाढेल तशी चंचल घरे विरळ होतात. नियम एवढाच की, आजूबाजूची ठराविक घरे चंचल असतील तरच मधल्या घराला आपली अवस्था बदलण्याची मुभा आहे. ही मुभा निश्चलाला चंचल होण्यासही लागते आणि चंचलाला निश्चल होण्यासही. नियम दोन्ही दिशांना सारखाच लागू असल्यामुळे समतोलाच्या हिशेबात त्याचा लवलेश उरत नाही. एखाद्या क्षणी या जगाचे चित्र घेतले तर घरे एकमेकांपासून सर्वस्वी स्वतंत्र दिसतात, आणि नियम अस्तित्वात आहे याचा कोणताही दाखला त्या चित्रात सापडत नाही. काचेचे जे वैशिष्ट्य आपल्याला चकित करते, म्हणजे रचना मूक आणि गती मात्र बदललेली, ते या प्रतिमानात जन्मतःच आहे.

नियम अत्यंत सौम्य ठेवला, म्हणजे कोणताही एक शेजारी चंचल असणे पुरेसे मानले, तर चंचलता घराघरांतून भटकत राहते आणि मंदता बलवान द्रवांप्रमाणे सरळ नियमाने वाढते. परंतु १९९१ साली याक्ले आणि आयसिंगर यांनी या मुभेला दिशा दिली, आणि तिने सगळेच चित्र पालटले. घरांची एक रांग घ्या. प्रत्येक घराला केवळ आपल्या डावीकडील घर चंचल असतानाच बदलता येते, उजवीकडच्याचे तेथे काही चालत नाही. आता समजा, दोन चंचल घरे एकमेकांपासून काही अंतरावर आहेत, मधली सर्व निश्चल आहेत, आणि उजवीकडच्या घराला निश्चल व्हावयाचे आहे. ते लगतचेच असेल तर काही खर्च नाही. अंतर दोन असेल तर मधले एक घर तात्पुरते चंचल करावे लागते; एक एकक ऊर्जा गुंतवावी, काम करून घ्यावे आणि ती परत मिळवावी. अंतर चार असेल तर वरवर पाहता मधली तिन्ही घरे एकदम चंचल करावी लागतील असे वाटते, पण तसे नाही: पहिले चंचल करून त्याच्या आधाराने दुसरे चंचल करावे, मग पहिले मोकळे करावे, दुसऱ्याच्या आधाराने तिसरे उभे करावे आणि तिसऱ्याच्या आधाराने चौथ्याचा बदल साधावा. एका वेळी दोनच एकके अडकतात. मग आल्या वाटेने उलट पावली जाऊन सर्व गुंतवणूक वसूल करावी, कारण दुसरे घर मोकळे करावयाचे तर पहिले पुन्हा चंचल करणे भाग आहे. अंतर आठ झाले की तीन एकके, सोळा झाले की चार. अंतर दुपटीने वाढते तेव्हा ऊर्जेच्या जमाखर्चात एका एककाची भर पडते.

या साध्या अंकगणितातून जे निघते ते विस्मयकारक आहे. थंडी वाढते तशी चंचल घरे विरळ होतात, त्यांच्यातील सरासरी अंतर घातांकी वेगाने वाढते, आणि अंतराच्या दुपटींची संख्या, म्हणजेच ओलांडावयाच्या भिंतीची उंची, तापमानाच्या व्यस्त प्रमाणात चढत जाते. भंगुर द्रवात जी वाढती भिंत आपण पाहिली ती येथे कोणीही प्रतिमानात घातलेली नाही; प्रत्येक घराची ऊर्जा पहिल्यापासून एकच एकक आहे, आणि भिंत केवळ मार्गाच्या वळणांतून उभी राहिली आहे. सोलिश व एव्हान्स यांनी १९९९ साली या शिथिलनाचे, म्हणजे मांडणी पालटण्याच्या प्रक्रियेचे, सूत्र काढले. पुढील गणिती सिद्धतांनी त्यातील गुणांक दुरुस्त केला, सूत्राचे रूप मात्र अबाधित राहिले. त्या सूत्रानुसार शिथिलनाचा काळ निरपेक्ष शून्याच्या वर कोणत्याही तापमानाला अनंत होत नाही. रूढ प्रायोगिक सूत्र, जे १९२०च्या दशकात फोगेल, फुल्चर आणि टामान यांनी स्वतंत्रपणे पुढे आणले, ते मात्र शून्याच्या वरच एका तापमानाला काळ अनंत होईल असे सांगते. मोजमापे जेथपर्यंत पोहोचतात त्या टापूत दोन्ही सूत्रे आकड्यांशी जवळजवळ सारखीच जुळतात. एक विराम सांगते, दुसरे विलंब. आणि केवळ आकड्यांच्या रेषेवरून त्यांच्यातील वादाचा निवाडा होत नाही.

आकड्यांवरून केलेला निवाडा किती फसवा असू शकतो याचे उदाहरण दुसऱ्या एका प्रतिमानाने दिले आहे. १९९३ साली वॉल्टर कोब आणि हान्स अँडरसन यांनी घनाकृती जालकावर कण मांडले. प्रत्येक स्थानी फार तर एक कण, प्रत्येक स्थानाला सहा शेजारी. कणाला लगतच्या रिकाम्या जागी उडी मारता येते, परंतु उडीपूर्वी आणि उडीनंतर, दोन्ही वेळी, त्याचे शेजारी चाराहून कमी असले पाहिजेत. याखेरीज कणांत कोणताही परस्परसंबंध नाही. सर्व मांडण्या सारख्याच संभाव्य आहेत. जालक भरत नेले तशी कणांच्या विसरणाची, म्हणजे जागा बदलत दूर पसरण्याची, गती घसरत गेली, आणि शेकडा ८८.१ स्थाने भरली असता ती शून्यावर येईल असे संगणकावर मिळालेल्या आकड्यांनी अगदी सुबक रेषेने दाखविले. बारा टक्के जागा मोकळी असूनही सर्व काही ठप्प, असा त्याचा अर्थ होता. काचेचा विराम अखेर सापडला, असे म्हणण्यास येथे सबळ आधार होता.

तथापि २००४ साली तोनिनेल्ली, बिरोली आणि फिशर यांनी गणिताने सिद्ध केले की, अमर्याद जालकावर असा विराम कोणत्याही घनतेला येत नाही. एकूण एक स्थान भरेपर्यंत कण कोठे ना कोठे हालतच राहतात. त्याचे कारण मोठे मार्मिक आहे. एकटीदुकटी रिकामी जागा नियमाच्या जाचातून सुटू शकत नाही. परंतु पुरेशा रिकाम्या जागा विशिष्ट रीतीने एकत्र आल्या तर तो समूह संपूर्ण जालकातून प्रवास करू शकतो आणि वाटेतील कणांना हालण्याची मुभा देत जातो. घनता वाढते तसा या समूहाचा आवश्यक आकार भयानक वेगाने वाढतो, आणि असा समूह आढळण्याचा संभव तितक्याच वेगाने कमी होतो. पण अमर्याद विस्तारात तो कोठेतरी असतोच. संगणकावरचे जालक मर्यादित होते आणि पाहण्याची मुदतही मर्यादित होती. त्या दोहोंच्या अंमलात विलंबाने विरामाचे रूप धारण केले होते. कोब आणि अँडरसन यांच्या आकड्यांत काही खोट नव्हती. आकडे जेथे संपतात त्यापलीकडे त्यांची रेषा वाढविणे किती जोखमीचे आहे, हे त्यांच्याच प्रतिमानाने शिकविले.

येथे कोणीही विचारील की, ही कागदावरची घरे आणि जालके खऱ्या द्रवाशी काय नाते सांगतात? या प्रतिमानांचे एक अटळ फलित असे की, गती सर्वत्र सारखी असू शकत नाही. जेथे चंचलता पोहोचली तेथे कण भराभर हालतात; जेथे ती पोहोचली नाही तेथे दीर्घकाळ काहीच घडत नाही; आणि हे प्रदेश कालांतराने आपली जागा बदलतात. २००० साली एरिक वीक्स, डेव्हिड वाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म गोलांच्या दाट कलिलात, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली, एकेका गोलाचा माग काढून असे वेगवान गोलांचे समूह प्रत्यक्ष दाखविले. दुसरे फलित याहून सूक्ष्म आहे. एखाद्या कणाला पहिल्यांदा हालण्यास फार काळ वाट पाहावी लागते. पण एकदा चंचलता त्याच्याशी आली की त्याच्या पुढच्या हालचाली लागोपाठ होतात. श्यानता पहिल्या प्रतीक्षेवर अवलंबून असते, विसरण मुख्यतः पुढच्या लागोपाठच्या हालचालींवर. म्हणून थंडीत ही दोन्ही एकमेकांपासून फुटून निघावीत. ऑर्थो-टर्फेनिलमध्ये काचबिंदूजवळ रेणूंचे विसरण श्यानतेवरून बांधलेल्या अंदाजाच्या सुमारे शंभरपट वेगाने होते, हे प्रयोगांनी दाखविले आहे. गॅराहान आणि डेव्हिड चँडलर यांनी २००२ पासून या सर्व गोष्टींची स्थळकाळाच्या एकाच चित्रात संगती लावली, आणि काचेचा शोध एकेका क्षणाच्या मांडणीत घेण्याऐवजी कणांच्या इतिहासांत घ्यावा, असे प्रतिपादन केले.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे, आणि ते हलके नाही. घरे स्वतंत्र असलेल्या प्रतिमानात भंगुर द्रवांच्या काचबिंदूशी दिसणारी विशिष्ट उष्णतेची मोठी घट योग्य प्रमाणात मिळत नाही, हा बिरोली, बुशो आणि तार्यूस यांचा २००५ मधील आक्षेप आहे. नियम आकाशातून पडत नाहीत; ते कणांमधील बलांतूनच निघाले पाहिजेत, आणि ते कसे निघतात याचा तपशील प्रत्येक द्रवासाठी अजून द्यावयाचा आहे. न्यूमन आणि मूर यांनी १९९९ मध्ये त्रिकोणी जालकावर एक प्रतिमान असे उभे केले की, त्यात आरंभी कोणताही नियम नसून तीन तीन घटकांची साधी ऊर्जा आहे, आणि मार्गांचे निर्बंध त्या ऊर्जेतूनच उत्पन्न होतात. या दुसऱ्या आक्षेपाला ते अंशतः उत्तर आहे, संपूर्ण नाही. भारतात या वादाची दोन्ही अंगे बंगळूर येथे तपासली गेली आहेत. स्मरजित कर्मकार, चंदन दासगुप्ता आणि श्रीकांत शास्त्री यांनी २००९ साली गोलांच्या मिश्रणाचे संगणकीय परीक्षण करून शिथिलनाचा काळ मांडण्यांच्या एंट्रॉपीशी सुसंगत असल्याचे दाखविले. तर २०१४ साली अजय सूद, राजेश गणपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कलिलावरील प्रयोगांत, काचेकडे जाताना शेजाऱ्याने शेजाऱ्याला मुभा देण्याचा व्यापार वाढत जातो, अशी साक्ष मिळविली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या प्रश्नावर संशोधन चालू आहे. २०१७ साली निनारेल्लो, बेर्तिए आणि कोस्लोविच यांनी निरनिराळ्या आकाराच्या गोलांची संगणकात परस्पर अदलाबदल करण्याची युक्ती इतकी कुशलतेने वापरली की, प्रयोगशाळेलाही अशक्य अशा थंडीत त्यांना समतोल साधता आला. मांडण्यांचा साठा तोच राहिला असता केवळ हालण्याची एक जादा वाट उघडली आणि मंदता वितळली. मार्गांच्या पक्षाला हा मोठा पुरावा आहे, आणि त्याच युक्तीने आता एंट्रॉपीच्या पक्षालाही खोल तापमानाची मोजमापे हाती लागली आहेत.

विराम आणि विलंब यांतील भेदाला व्यवहारात महत्त्व नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मध्ययुगीन चर्चच्या खिडक्यांची काच ओघळून तळाशी जाड झाली अशी एक समजूत प्रचलित आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीतील जुन्या काचेचे घटक घेऊन केलेल्या मोजमापांवरून असे निघाले की, ती काच १०० कोटी वर्षांत फार तर एक नॅनोमीटर वाहील. अशा वाहण्याला वाहणे म्हणण्यात खिडकीच्या मालकाला काही स्वारस्य नाही. परंतु शास्त्राला आहे, कारण विराम असेल तर त्यामागे पदार्थाची एक नवी अवस्था असली पाहिजे आणि आपण तिचा शोध घेतला पाहिजे. विलंबच असेल तर द्रव शेवटपर्यंत द्रवच आहे आणि समजावून घ्यावयाची आहे ती त्याच्या मार्गांची घडण. दोन पक्षांच्या संशोधनाच्या दिशा येथे विभक्त होतात.

मला स्वतःला दुसरा मार्ग अधिक खरा वाटतो, आणि तो वाटण्याचे कारण साध्या प्रतिमानांनी मला पटवून दिलेली एक गोष्ट आहे. निसर्गात मोठा परिणाम दिसला की त्याच्या मागे तितकेच मोठे, दडलेले कारण शोधण्याची आपल्या बुद्धीला सवय आहे. एका रांगेतील घरांना केवळ डावीकडून मुभा देऊन ज्यांनी चौदा दशपटींची मंदता उत्पन्न होऊ शकते असे दाखविले, त्यांनी काच म्हणजे हीच रांग होय असा दावा कधी केला नाही. त्यांनी एवढेच सिद्ध केले की, असे दडलेले कारण असलेच पाहिजे हा युक्तिवाद टिकत नाही. काय पुरेसे आहे हे निश्चित झाल्यावाचून काय आवश्यक आहे याचा विचार नीट सुरूच होत नाही, आणि पुरेसे काय हे सांगण्याचा अधिकार, ज्यातून अनावश्यक ते सर्व वगळले आहे, अशा प्रतिमानालाच असतो. येथे जे तरुण बसले आहेत त्यांना माझे सांगणे आहे की, या प्रश्नात प्रवेश करण्यास कागद, पेन्सिल आणि घरांची एक रांग एवढी सामग्री पुरते. अंतर आठसाठी तीन एककांचा मार्ग स्वतः शोधून पाहावा, आणि मग सोळासाठी चार. ते करीत असताना मंदता कशी निर्माण होते हे त्यांना जितके स्वच्छ कळेल तितके माझ्या कोणत्याही व्याख्यानाने कळणार नाही.